सल्ला: बारा दिवस एकटीनं सह्याद्रीत जायचंय

पत्र थोडक्यात असं: "मी ३१ वर्षांची, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, बँकेत नोकरी. बरीच वर्षं ग्रुपबरोबर ट्रेक करते, पन्हाळा–पावनखिंड दोनदा झालंय. मार्च एंडिंग संपलं की एप्रिलमध्ये बारा दिवस रजा काढून आंबा घाटापासून आंबोलीपर्यंत घाटमाथ्यानं एकटीनं चालत जायचा विचार आहे. राधानगरी-दाजीपूरचं जंगल मधे येतंच. मुक्काम तंबूत. ६५ लिटरची सॅक, तंबू, मोठा चाकू आणि आग पेटवायची कांडी घेऊन झाली. तीन लिटर पाणी पुरेल का? बिबट्या, अस्वल समोर आलं तर काय करायचं? परदेशी व्हिडिओत दाखवतात तो सॅटेलाइट मेसेंजर घ्यावा का? आणि आई नको म्हणतेय, तिला काय सांगू?"

ताई,

जा. पण एप्रिलमध्ये नको, या वाटेनं नको, आणि सलग बारा दिवस नको. तिन्हींची कारणं सांगतो.

एप्रिलमध्ये आपल्या घाटमाथ्यावर पाणी नसतं. वरचे सडे (सपाट कातळपठारं) जांभ्या दगडाचे. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपतं आणि डिसेंबरपर्यंत कड्याकडेच्या झऱ्यांतून वाहत राहतं. जानेवारीनंतर एकेक झरा बंद पडत जातो. मार्चअखेर जे उरतं त्यावर गुरंही येतात आणि गवेही. शिवाय १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा वणव्याचा हंगाम. वाळलेल्या गवतातून एकटं चालताना वणवा वाऱ्याबरोबर मागून आला तर पळायला दिशाच राहत नाही. म्हणून रजा नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत कधीही टाका. जळवा संपलेल्या असतात, झरे चालू असतात, दुपारी ऊन सोसतं. एकच तोटा म्हणजे दिवस लहान. सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच अंधारतं. चार वाजता मुक्कामाला पोचायचंच, हा नियम त्यासाठी.

आता वाट. राधानगरी हे अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे परवानगीशिवाय आत जाता येत नाही, आणि तिथे एकट्यानं तंबू ठोकून राहायची परवानगी मिळेल अशी आशा धरू नका. दाजीपूर बघायचं तर वनखात्यानं ठरवलेल्या वाटेनं, वाटाड्या घेऊन, दिवसा बघून या. त्याच्या बाहेरचे विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड हे पट्टेही आता संवर्धन राखीव आहेत. तिथे गावातून गावात जाणाऱ्या वहिवाटीच्या पायवाटा आहेत, त्यांवरून चाला. जंगलाच्या पोटात जिथे मुक्काम करायचा असेल तिथल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना महिनाभर आधी लेखी अर्ज द्या. अर्जावर तारखा, मुक्कामाची ठिकाणं, आधारची प्रत आणि घरच्या माणसाचा नंबर हवा. पोच घेतलेली प्रत सॅकमध्ये ठेवा. वनरक्षकानं हटकलं तर तीच कामाला येते, आणि तुम्ही या भागात आहात हे खात्याला आधीच माहीत असतं, तो फायदा वेगळा.

आमच्या मते बारा दिवसांच्या रजेत तीन तुकडे करा. पहिला तुकडा पन्हाळ्यावरून मसाई पठार, पांढरेपाणी, पावनखिंड करत गजापूर-विशाळगडापर्यंत. चार दिवस. वाट ओळखीची आहे, म्हणून सुरुवातीला हाच घ्या. एकटं असण्याची सवय ओळखीच्या वाटेवर करावी. मग मलकापूरहून एसटीनं कोल्हापूर. दुसरा तुकडा गगनबावडा, गगनगड आणि बोरबेटच्या मोरजाई पठाराचा परिसर, तीन दिवस. तिसरा गारगोटीवरून पाटगाव आणि तिथून रांगणा किल्ला, जाऊन-येऊन चार दिवस. दोन्ही वेळा मधली रात्र घरी काढता येते. त्यानं मोहीम मोडली असं मानू नका. पाय तपासून होतात, पुढच्या तुकड्याची शिधापिशवी उचलता येते, पॉवर बँक चार्ज होते आणि आईला तुम्ही समोर दिसता. आजरा-चंदगडकडचा भाग मात्र यंदा एकटीनं घेऊ नका. तिकडे रानहत्तींचा वावर आहे, आणि हत्ती आला तर काय करायचं हे बरोबर स्थानिक माणूस असल्याशिवाय शिकता येत नाही.

तीन लिटर पाणी पुरणार नाही. थंडीच्या दिवसांत ओझं घेऊन चालणाऱ्याला दिवसाला पिण्यासाठी चार लिटर आणि रांधायला एक, असं पाच लिटर लागतं. सगळं एकदम वाहायचं नाही, पण तेवढं मावेल अशी भांडी हवीत: एकेक लिटरच्या तीन साध्या बाटल्या आणि दोन लिटरची घडीची पिशवी. पिशवी दिवसभर रिकामी ठेवायची. मुक्कामाच्या आधीच्या शेवटच्या पाण्यावर ती भरली की मुक्काम पाण्याला चिकटून करावा लागत नाही. रात्री पाणवठ्यावर गवे, डुक्कर, अस्वल सगळे येतात. त्यांच्या वाटेत झोपायचं नाही, किमान शंभर पावलं लांब आणि थोडं वर.

पाणी कुठे आहे हे नकाशावर आधी शोधा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट उतरवून घेता येतात. त्यात ओढ्यांच्या रेषा, विहिरी, वाड्या सगळं असतं. पण झरा आज चालू आहे का हे कागद सांगणार नाही. ते धनगरवाड्यावर विचारायचं. धनगरवाडे पाणी बघूनच वसलेले असतात, आणि "पुढचं पाणी कुठं?" याचं उत्तर तिथल्या बाईइतकं नेमकं कोणी देत नाही, कारण हंडा तीच आणते. प्रश्न मात्र नीट विचारा. "पुढे पाणी आहे का?" म्हटलं की कोणीही हो म्हणतो. "आज सकाळी तुम्ही पाणी कुठनं आणलं?" असं विचारा.

आणलेलं पाणी आधी चौघडी सुती फडक्यातून गाळा, मग खळखळ उकळू द्या, उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. गॅस वाचवायचा असेल तर क्लोरीनचे थेंब किंवा गोळी टाका. पाकिटावरचं प्रमाण पाळा आणि पूर्ण अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीनचा जोर मातीवरच खर्च होतो, म्हणून गाळणं टाळू नका. सड्यावरच्या डबक्यात गुरं बसलेली दिसली तर ते पाणी उकळल्याशिवाय तोंडालाही लावू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जनावरांच्या मुतातून पसरणारा ताप) तिथूनच होतो. पायाला जखम असेल तर त्या डबक्यात पायही घालू नका.

शिधा दिवसाला सव्वासहाशे ग्रॅम धरा, त्यात अडीच हजारांच्या आसपास कॅलरी बसतात. आपल्याकडे यासाठी परदेशी पाकिटं लागतच नाहीत. जाडे पोहे ८० ग्रॅम, नाचणीसत्त्व ५०, भाजके शेंगदाणे ८०, गूळ ६०, खजूर ५०, दूधपावडर ३०, तांदूळ-मूगडाळ १७०, तूप ३०, कडक भाकरी ६०, कांदा-लसूण चटणी आणि लोणचं मिळून २०. एकेका दिवसाची वेगळी पिशवी बांधा, नाहीतर पहिल्या दोन दिवसांत गूळ-शेंगदाणे संपतात आणि शेवटी नुसता तांदूळ उरतो. प्रत्येक तुकड्यात एका दिवसाची जादा पिशवी. ती फक्त अडकून पडलात तरच फोडायची. भडंग नेऊ नका, चवीला कितीही भारी असलं तरी सॅकमधली निम्मी जागा हवेला जाते. मऊ भाकरी दुसऱ्या दिवशी बुरसते, दशमी फार तर एक दिवस जास्त टिकते, म्हणून कडक भाकरी. तूप स्टीलच्या छोट्या फिरकीच्या डब्यात न्या. प्लॅस्टिकची डबी दुपारच्या उन्हात पाझरते आणि तुपाचा वास झोपायच्या पिशवीला लागला की उंदीर ती कुरतडतात.

आग पेटवायची कांडी घरीच ठेवा. राखीव जंगलात विस्तव करायला भारतीय वन अधिनियम, १९२७ नं बंदी आहे. छोटा गॅस स्टोव्ह न्या, तोही जंगलात न पेटवता गावात किंवा परवानगीच्या जागी, गवत बाजूला सारून, दगडावर. २३० ग्रॅमचा एक डबा चार दिवस आरामात पुरतो. खिचडी शिजवायची रीत अशी: डाळ-तांदूळ तासभर भिजत घाला, उकळी आल्यावर पाच-सात मिनिटं ठेवा, गॅस बंद करा आणि घट्ट झाकणाचं भांडं जाड कपड्यात गुंडाळून वीस-पंचवीस मिनिटं विसरून जा. आतल्या वाफेवर ती शिजते आणि निम्मा गॅस वाचतो.

६५ लिटरची सॅक परत करता येत असेल तर करा. मोठ्या सॅकमध्ये रिकामी जागा राहिली की माणूस ती भरतो. ४५ ते ५० लिटर पुरे. पाणी आणि शिधा सोडून सामान आठ किलोच्या आत बसवा. वर शिधा तीन, पाणी तीन ते पाच, म्हणजे सगळं मिळून जास्तीत जास्त सोळा. तुमच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या वर जात असेल तर काहीतरी काढा. मोठा चाकू पहिला काढा. कांदा चिरायला आणि दोरी कापायला बोटभर पात्याचा पुरतो, आणि जनावरावर चाकू चालवायची वेळ येत नसते.

जनावरांची तुमची भीती समजते, पण क्रम थोडा बदला. बिबट्या बहुतेक वेळा तुम्हाला दिसायच्या आत निघून जातो. दिसलाच तर पळू नका, वाकू नका, नजर ठेवून मागे सरका. अस्वलाचा खरा धोका त्याच्या अंगावर अचानक जाऊन पडण्यात असतो. त्याला दिसतं कमी. म्हणून पहाटे आणि संध्याकाळी दाट झाडीतून चालणं टाळा, आणि वळणावर काठी आपटत, मोठ्यानं बोलत चला. गव्याला मात्र आपली माणसं उगाच गरीब समजतात. एकटा नर आडवा उभा राहून सगळं अंग दाखवत असेल, फुसकारत असेल, तर तो इशारा आहे. आल्या पावली मागे फिरा, लांबून वळसा घाला किंवा अर्धा तास थांबा. वासरू दिसलं तर आधी गाय कुठे आहे ते बघा. त्या दोघांच्या मधे कधीही जायचं नाही.

कड्याकपारीतलं आग्या मोहोळ मात्र याहून जास्त जपण्यासारखं. अत्तर, उग्र वासाचं तेल, धूर आणि आरडाओरडा, चारही टाळा. माशा उठल्याच तर तोंड-डोकं कपड्यानं झाकून सरळ पळत सुटा, दाट झुडपातून गेलात तर उत्तम. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घोंगावत थांबतात. काटे नखानं खरवडून लगेच काढा.

सापासाठी एकच सवय लावून घ्या: उघड्यावर जमिनीला लागून झोपायचं नाही. मण्यार रात्री फिरतो, झोपेत चावतो आणि दंश पुष्कळदा कळतही नाही. तळ शिवलेला आणि चेन पूर्ण बंद होणारा तंबू घ्या. देवळाच्या ओसरीत झोपायचं असलं तरी आतली जाळी तिथेच उभी करा. बूट उलटे झटकूनच घाला, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. दंश झालाच तर घड्याळ बघून वेळ लक्षात ठेवा, अंगठी-बांगड्या उतरवा, आवळपट्टी बांधू नका, कापू नका, चोखू नका, आणि ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. फोन लागत असेल तर १०८ ला लावा आणि तो अवयव न हलवता पडून राहा. लागत नसेल तर पळत न सुटता, थांबत-थांबत जवळच्या वाडीकडे जा. पुढे ग्रामीण रुग्णालय किंवा कोल्हापुरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय). मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवायचं नाही.

गोचीड चिकटली तर चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढा. रॉकेल, चटका असले उपाय नकोत. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडीतूनच पसरतो. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात राहून आल्याचं आपणहून सांगा.

यापेक्षा खूप जास्त वेळा नडतात ते पाय आणि चुकलेली वाट. बूट नवे असतील तर निघायच्या आधी त्यात साठ-सत्तर किलोमीटर चाला. जोतिबाच्या पायऱ्या यासाठी उत्तम: आठवड्यातून दोनदा, पहिल्या आठवड्यात सहा किलो पाठीवर, मग दर आठवड्याला दोन-दोन किलो वाढवत सहाव्या आठवड्यात सोळा. चढण्यापेक्षा उतरताना लक्ष द्या. बोटं पुढे आदळत असतील तर घोट्याजवळची नाडी घट्ट करा आणि नखं निघायच्या तीन दिवस आधी कापा. चालताना टाचेला नुसतं चुरचुरलं तरी तिथल्या तिथे बसून चिकटपट्टी लावायची. ग्रुपमध्ये लोक थांबतील म्हणून आपण तसंच रेटतो. एकटं असल्याचा हा मोठा फायदा आहे, तो घ्या. दुपारी मोजे बदला, ओले सॅकच्या बाहेर अडकवा.

वाट चुकते ती ढोरवाटेमुळे. पायवाट माणसाच्या उंचीला मोकळी असते, दगड गुळगुळीत झालेले असतात, चढावर नागमोडी जाते. ढोरवाट कारवीच्या झुडपांत शिरली की छातीच्या उंचीवर फांद्या आडव्या येऊ लागतात, ती फुटत-फुटत जाते आणि शेवटी पाण्याशी किंवा चाऱ्याशी संपते. पंधरा मिनिटं खात्री वाटली नाही तर खात्रीच्या शेवटच्या जागेपर्यंत परत जा, पुढे रेटू नका. आणि कोणत्याही परिस्थितीत ओढ्यानं खाली उतरू नका. देशावरची माणसं म्हणतात, पाण्यामागं गेलं की गाव लागतं. घाटमाथ्याच्या पश्चिमेला तेच पाणी कोकणकड्यावरून शेकडो फूट खाली पडतं. शेवाळलेल्या नाळेत (कड्यातल्या अरुंद घळीत) दोन टप्पे उतरलात की परत वर चढता येत नाही आणि पुढचा टप्पा कडा असतो. एकट्या माणसाच्या बाबतीत सगळ्यात वाईट प्रसंग इथेच घडतात.

सॅटेलाइट मेसेंजर घेऊ नका. उपग्रहाशी बोलणारी ही यंत्रं दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय जवळ बाळगणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, परदेशातून कोणी आणून दिलं तरीही. त्याऐवजी फोनमध्ये नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा, दिवसभर फोन विमान मोडवर, दहा हजार एमएएचची पॉवर बँक (ती फोन फार तर दीड-दोनदा भरते, छापलेल्या आकड्यावर जाऊ नका), कागदी नकाशा, होकायंत्र आणि शिट्टी. आपल्या सिमला रेंज नसली तरी ११२ दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, म्हणून प्रयत्न करून बघायचाच.

आणि आता आई. तिला समजावत बसण्यापेक्षा तिच्या हातात कागद द्या. दोन पानं. पहिल्यावर रोजची वाट, मुक्कामाचं गाव, तिथल्या सरपंचाचा किंवा पोलीस पाटलाचा नंबर, सॅकचा, तंबूचा आणि जॅकेटचा रंग, बुटाच्या तळव्याचा फोटो. दुसऱ्यावर वेळा: निरोप रोज संध्याकाळी सातपर्यंत येईल. नाही आला तर रेंज नसेल, थांबा. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंतही नाही आला तर त्या पोलीस पाटलाला फोन, मग ११२, मग महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन. नंबर आजच शोधून कागदावर लिहा. हे फोन करायची जबाबदारी मात्र आईवर टाकू नका. ती एकतर सातला पाच मिनिटं झाली की घाबरेल, नाहीतर "येईल फोन" म्हणत दोन दिवस धरून बसेल. भाऊ, मैत्रीण, ग्रुपमधला एखादा शांत डोक्याचा आणि नकाशा वाचता येणारा गडी बघा. आईकडे त्याचा नंबर असू द्या. वाट बदलायची झाली तर आधी त्याला कळवायचं. कळवता येत नसेल तर बदलायची नाही. या एका नियमाला सूट नाही, कारण शोधणारे कागदावरच्या वाटेवरच जाणार.

बाईमाणूस एकटी आहे म्हणून तीन गोष्टी जास्तीच्या. आजचा मुक्काम एसटी स्टँडवर किंवा चहाच्या गाड्यावर कोणाला सांगू नका. गावात पोचल्यावर आधी घरातल्या बाईशी बोला, ओसरी तीच देते आणि रात्री लक्षही तीच ठेवते. फोटो टाकायचे ते कोल्हापुरात परतल्यावर. पाळीच्या दिवसांची सोय वेगळ्या जाड पिशवीत ठेवा आणि वापरलेलं सगळं परत आणा.

निघायच्या आधी सगळं ओझं घेऊन एक रात्र एकटीनं मसाई पठाराजवळच्या एखाद्या वाडीत काढा. रस्ता जवळ आहे, रेंज बऱ्याच ठिकाणी मिळते. डिसेंबरची रात्र तेरा तासांची असते आणि त्यातले चार-पाच तास झोप लागत नाही, हे तिथेच कळेल. सकाळी सॅकमधून जे एकदाही बाहेर निघालं नाही ते, औषधं, पट्ट्या आणि जादा सेल सोडून, घरी ठेवा.

ती दोन पानं तयार झाली की या सदराच्या पत्त्यावर पाठवा. मुक्काम आणि पाणवठे आम्ही तपासून देऊ.